नळदुर्गची जमादारीण आणि मी

नळदुर्गला लोक किल्ला बघायला जातात. मी पोथ्या बघायला गेलो आणि एका मांजरीची नोकरी जवळजवळ घालवून परत आलो. किल्ल्याबद्दल पुढं दोन शब्द येतील, पण ज्यांना तट, बुरूज आणि पाणीमहाल यांची मापं हवीत त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी वाचावं. मी किल्ल्यात तीन तास होतो, आणि त्यातला एक तास चपलेचा तुटलेला अंगठा सुतळीनं बांधण्यात गेला.

पुण्याच्या एका संग्रहालयात मी निरीक्षक आहे. निरीक्षक हा शब्द भारदस्त आहे, काम तितकं नाही. वस्तू यादीशी ताडून बघायच्या, आणि यादी चुकलेली निघाली तर वस्तूकडे रागानं बघायचं. मराठवाडा मुंबई राज्यात येऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. नळदुर्गचे गुंडेराव मास्तर नावाचे एक निवृत्त शिक्षक घरोघर हिंडून जुन्या पोथ्या आणि कागद गोळा करतात, आणि त्यांनी त्याचं एक लहान संग्रहालय मांडलंय, ही बातमी आमच्या साहेबांच्या कानावर आली. असा ठेवा उंदरांच्या तोंडी ठेवणं हे पाप आहे, तो पुण्यात पोलादी कपाटात पाहिजे, असं साहेबांचं मत पडलं. वर्षभर पत्रं गेली आणि आली. मास्तरांची पत्रं मोठी नम्र असायची आणि प्रत्येक पत्राचा अर्थ 'नाही' असाच निघायचा. शेवटी त्यांनी शर्तच घातली. तुमचा माणूस पाठवा, आठवडाभर ठेवा, त्याला पान न् पान बघू द्या. उंदराचा एक ताजा दात दिसला तर सगळा संग्रह घेऊन जा, मी स्वतः गाडीत चढवून देतो. नाही दिसला तर सुरक्षित आहे असं लिहून द्या आणि पुन्हा मागू नका. जिल्ह्याच्या कचेरीनंही याला मान डोलावली. म्हणजे तो संग्रह गावात राहायचा की जायचा हे माझ्या चष्म्यावर येऊन ठेपलं.

निघताना साहेब एवढंच म्हणाले, "साठे, दात शोधा."

सोमवार

सोलापूरहून सकाळच्या मोटारीनं नळदुर्गला उतरलो. हैदराबादच्या रस्त्यावर मालट्रकांची रांग उभी होती आणि ढाब्यावर ड्रायव्हर मंडळी खाटेवर बसून चहा पीत होती. मीही प्यालो. पुण्यात चहात दूध असतं, इथं दुधात चहा होता. ढाब्यावाल्याला संग्रहालय विचारलं तर त्याला कळेना. मग म्हणाला, "मांजराचा नाका म्हना की."

संग्रहालय म्हणजे निजामाच्या राजवटीतला करोडगिरीचा नाका. हद्दीतून येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर तिथं जकात घ्यायचे. दगडी इमारत, मागं गोदामाच्या तीन खोल्या. पकडलेला गूळ, तंबाखू, कापड तिथं महिनोन् महिने पडून राहायचं, म्हणून उंदीर, आणि उंदीर म्हणून सरकारी मांजरं. विलीनीकरणानंतर करोडगिरी उठली. साहेब लोकांच्या बदल्या झाल्या, शिक्के आणि टेबलं गेली. मांजरांच्या बदलीचा हुकूम कुणी काढला नाही, म्हणून ती राहिली, आणि त्यांना सांभाळणारी कोंडाबाईही राहिली. तिच्या सासूनं हेच काम केलेलं. मास्तरांनी इमारत मागून घेतली तेव्हा ती चौघं आधीच कामावर हजर होती, तीन मांजरं आणि एक बाई.

मी पोचलो तेव्हा ओसरीवर कुणी नव्हतं. चपलेत खडा गेलेला, म्हणून समोरच्या एका आडव्या दगडावर टेकलो आणि चप्पल झटकू लागलो. मागून आवाज आला.

"उठा सायेब. त्यो वीर हाय. एकदा लढाईत मेलाय, आता तुमच्या बुडाखाली कशाला मारताव?"

उठून बघतो तर तो वीरगळ होता आणि मी नेमका वीराच्या छातीवर बसलो होतो. संग्रहालयाचा निरीक्षक पहिल्या पाच मिनिटांत संग्रहावर बसलेला सापडला. कोंडाबाई पन्नाशीची, उंच, हातात खराटा. तिनं त्या खराट्यानं आधी वीराला झाडलं आणि मग मला आत बोलावलं.

मास्तर आले. काळी टोपी, पांढरी मिशी, बोलणं आदबशीर. "तशरीफ ठेवा, साठेसाहेब. मुआयना उद्यापासून, आज जेवण." मुआयना म्हणजे माझी तपासणी. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. बोलायचे मराठी, पोथी वाचायचे मोडी, पण मोजायची वेळ आली की आकडे उर्दूत यायचे. मी कारण विचारलं, तर म्हणाले की ज्या भाषेत छड्या खाल्ल्या त्या भाषेत हिशेब चुकत नाही.

जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं हे पीठ घालून केलेली लालभडक आमटी इथं पाहुण्याला करतात. पहिल्या घासाला मी "वा" म्हणालो आणि दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी काढलं. मास्तरांना वाटलं मी भारावलो. मी तसंच वाटू दिलं.

दुपारी कोंडाबाईनं मला कायदे सांगितले. तीन खोल्या, तीन मांजरं, आणि एकीनं दुसरीच्या खोलीत जायचं नाही. प्रत्येक दाराला खाली वीतभर चौकोनी मांजरवाट कापलेली, ती कधी बुजवायची नाही. सकाळी अर्धी वाटी दूध आणि त्यात कुस्करलेला भाकरीचा तुकडा, संध्याकाळी काही नाही. कामावरच्या मांजराला कुरवाळायचं नाही आणि हातानं खायला घालायचं नाही. यामागचं शास्त्र तिनं असं सांगितलं की उपाशी मांजर गावात चोऱ्या करत फिरतं, पोटभर खाल्लेलं झोपतं, आणि अर्धपोटी असतं तेच नोकरी करतं. मास्तर म्हणाले की शिक्षण खात्यालाही हे शास्त्र ठाऊक असावं.

पोथ्यांच्या खोलीवर जी मांजर होती तिला जमादारीण म्हणत. अंगानं राखाडी, एक कान फाटका. ती कपाटावर बसून माझ्याकडं बघत होती. करोडगिरीवाले वाटसरूच्या गाठोड्याकडं बघत असतील तसं.

मंगळवार, बुधवार

सकाळी हजेरी बघितली. तिन्ही खोल्यांच्या उंबऱ्यावर एकेक मेलेला उंदीर शेपूट सरळ करून ठेवलेला. कोंडाबाई उंदीर सुपलीत घेई आणि त्या जागी दुधाची वाटी ठेवी. तिच्यात आणि मांजरांत एक शब्द नाही, एक म्यांव नाही. आमच्या कचेरीत सही करताना जेवढी बोलाचाली होते तेवढीही नाही.

मग मी पोथ्यांच्या खोलीत बसलो. लाल कापडात बांधलेले बस्ते फळ्यांवर छतापर्यंत रचलेले. एकेक सोडायचा, पानं उन्हाकडं धरायची, कडा बघायच्या. उंदराच्या जुन्या दाताची कड पिवळी पडलेली असते, ताज्याची पांढरी दिसते. जुने दात पुष्कळ सापडले, ते त्या त्या घरच्या उंदरांचे होते. ताजा एकही नाही. संध्याकाळपर्यंत माझी कंबर गेली आणि साहेबांच्या पोलादी कपाटाची आशाही जाऊ लागली.

पण खरं सांगायचं तर मला त्या दिवशी दातापेक्षा दुसरंच काहीतरी बोचत होतं. मांजरांच्या बाबतीत मला गर्व आहे. आमच्या गल्लीतली झाडून सगळी मांजरं माझ्या मांडीवर येतात. बायको म्हणते की तुमचा अधिकार चालतो असा समाज तेवढा एकच. आणि ही जमादारीण पहिल्या दिवशीच्या तपासणीनंतर माझ्याकडं ढुंकून बघेना. मी चुटक्या वाजवल्या, जीभ टाळ्याला लावून आवाज काढले, पोथीची दोरी हलवली. तिनं जांभई दिली.

चार वाजता कोंडाबाईनं बशीत खवा आणून ठेवला. मास्तरांचे मेहुणे भूम गावचे, तिकडचा खवा नामी. पाहुणा असेपर्यंत रोज चार वाजता खवा, असा मास्तरांच्या घरचा शिरस्ता. कोंडाबाई गेली. खोलीत मी, जमादारीण आणि खवा. मी बोटाच्या टोकावर थोडा घेतला आणि कपाटाखाली ठेवला. एवढंच केलं. मी काही कुरवाळलं नाही आणि हातानंही घातलं नाही, जमिनीनं घातलं, असा युक्तिवादसुद्धा मी तयार ठेवला.

ती खाली आली, हुंगलं, चाटून टाकलं. वर जाऊन बसली. पण आता बघत होती.

बुधवारी सकाळी मास्तरांनी किल्ला दाखवला, तो तुटक्या अंगठ्यासह मी वर सांगितलाच आहे. बोरी नदीच्या धरणात बांधलेल्या पाणीमहालात उभं राहिलं की खिडकीतून पडणारं पाणी दिसतं, असं मास्तर म्हणाले. आम्ही गेलो तेव्हा पाणी उतरलेलं होतं, म्हणून मी मास्तरांच्या डोळ्यांतून ते बघितलं. परतताना त्यांच्या चुलतभावाच्या रानात हुरडा खाल्ला. शेणकुटाच्या आगटीत कणसं भाजून गडी तळव्यावर चोळतो आणि गरम दाणे पुढं करतो, वर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. मी म्हणालो, मीही चोळतो. दोन कणसांत दोन्ही तळहातांना फोड. चुलतभाऊ म्हणाले, लेखणी धरणाऱ्या हाताला एवढंच व्हायचं, आणि उरलेला हुरडा त्यांनी मला लहान मुलासारखा भरवला.

चार वाजता परत खवा. या खेपेला जमादारीण कपाटाखाली आधीच येऊन बसली होती. अर्धी बशी तिची, अर्धी माझी. पाच वाजता ती माझ्या मांडीवर होती. त्या बसण्याचा मला जो आनंद झाला तो मला कुठल्याही पगारवाढीनं झालेला नाही.

गुरुवार

सकाळी दोन उंबऱ्यांवर उंदीर होते. पोथ्यांच्या खोलीचा उंबरा रिकामा. कोंडाबाईनं तिथं ठेवायला आणलेली वाटी मागं घेतली.

"आज हिची हजेरी न्हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "सायेब, तुमाला झोप लागली न्हवं?"

मी म्हणालो छान लागली. खरोखरच छान लागली होती.

मास्तर म्हणाले, एखादा दिवस रजा कुणीही घेतं. जमादारणीला वाटी मिळाली नाही. तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. चार वाजता तिनं आणि मी खवा खाल्ला, नंतर तिनं माझ्या मांडीवर पंजे ताणले आणि झोप काढली. मी सहा बस्ते कमी बघितले, कारण उठलो असतो तर ती उठली असती.

शुक्रवार

उंबरा रिकामा.

मी दुपारी वरच्या फळीवरचे राहिलेले बस्ते काढायला म्हणून खालच्या फळीला हात लावला. तिथला एक बस्ता मंगळवारीच बघून झालेला होता. त्याला मी बांधलेली गाठ तशीच होती, कापडाला मात्र बोटभर भोक. सोडला. एका वैद्याच्या घराण्यातली औषधांची मोडी पोथी. उजवा कोपरा गेलेला, कड पांढरीशुभ्र. खोकल्याचं औषध होतं ते. सुंठ, मध, आणि त्यापुढं काय, ते त्या उंदराला ठाऊक.

दात सापडला होता. आता वाचकांना मी स्वतःला मोठा माणूस म्हणून दाखवू शकलो असतो, पण झालं ते सांगतो. पहिला विचार आला तो साहेबांच्या चेहऱ्याचा. साठ्यांनी दात शोधला. सगळा संग्रह गाडीत, मी वर बसलेला, पुढची बढती. दुसरा विचार आला तो आपल्या बोटांना लागलेल्या खव्याचा. तेव्हा मी बस्ता पुन्हा बांधला, कुरतडलेला कोपरा भिंतीकडं केला आणि फळीच्या पार मागं सरकवला. माझ्यातला कारकून असा माझ्या आधी जागा होतो. दात नाही, चौकशी नाही, मास्तर सुखी, मी सुखी. तासभर मी असा सुखी बसलो. जमादारीण मांडीवर घोरत होती. फळीच्या मागं काहीतरी खुडखुडलं, तिचा फाटका कान हललासुद्धा नाही.

चार वाजता कोंडाबाई आली. तिच्या हातात आज दोन बश्या होत्या. एक तिनं माझ्यापुढं ठेवली, दुसरी मांजरीपुढं.

"ही तुमची आन् ही तिची," ती म्हणाली. "चोरून कशाला द्यायचं? मिशीला दोन दिस खव्याचा वास येतोय तिच्या."

मी उठलो, जमादारीण खाली पडली, आणि फळीच्या मागचा बस्ता काढून मी कोंडाबाईच्या हातात दिला. मास्तरांना हाक मारायला तिनं मलाच लावलं.

मास्तरांनी पोथी दोन्ही हातांत घेतली. कोपऱ्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मी सगळं सांगितलं, कपाटाखालच्या बोटभर खव्यापासून ते बस्ता भिंतीकडं तोंड करून ठेवल्यापर्यंत. त्यांनी मध्येच थांबवलं नाही. माझं झाल्यावर म्हणाले, "गाडी कधी बोलावू?"

मला समजेना.

"शर्त मी घातली," ते म्हणाले. "एक ताजा दात दिसला तर न्या, असं मीच लिहिलंय. दात दिसला."

मी म्हणालो, अहो, पण तो माझ्यामुळं. ते म्हणाले, मांजरीला कोण खायला घालील ते शर्तीत लिहिलेलं नाही. उद्या दुसरा पाहुणा येईल, तोही घालील. जिथं एका पाहुण्याच्या लाडानं पोथी जाते तिथं ती सुरक्षित आहे असं कसं म्हणायचं? आवाज चढला नव्हता. बारा गावं पायी हिंडून पोथ्या जमवणारा माणूस तो. आणि त्याचा संग्रह त्याच्याच घरात ठेवण्यासाठी पुण्याचा माणूस त्याच्याशी भांडतोय, असा तो उलटा दावा अर्धा तास चालला. मी आयुष्यात इतक्या पोटतिडकीनं कुणाचीच बाजू मांडलेली नाही, आणि हरत होतो.

कोंडाबाई दारात बसून ऐकत होती. ती म्हणाली, "मास्तर, एक सांगू का? नाक्यावर गूळ व्हता तवा एका जमादारानं असंच मांजर लाडावलं. सासूनं काय नाका बंद न्हाय केला. मांजराला तीन दिस बाहीर ठिवलं आन् जमादाराला आत बसवलं. ज्यानं बिघडवलं त्यानं राखायचं. मांजर कामावर आलं की त्यो सुटला. आलंच न्हाय तर मंग गाडी बोलवा की."

मास्तरांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. मग म्हणाले, "रविवारपर्यंत."

शनिवार, रविवार

शनिवारी सकाळी सहाला मी जमादारणीच्या जागेवर रुजू झालो. एक काठी, एक घोंगडी आणि कोंडाबाईचे कायदे. बोलायचं नाही, शीळ घालायची नाही, पोथी वाचायची नाही, कारण वाचणाऱ्या माणसाला उंदीर दिसत नसतो. जमादारीण अंगणात, खोलीच्या दोन्ही दारांच्या मांजरवाटा शिक्षेपुरत्या फळीनं लावलेल्या. ती फळीला नाक लावून आत बघायची, मी बाहेर बघायचो. आम्हा दोघांना एकमेकांची जागा हवी होती.

आठ वाजता कोंडाबाई जेवण घेऊन आली. अर्धी भाकरी आणि अर्धी वाटी आमटी. मी उरलेली अर्धी कुठंय असं विचारलं, तर तिनं खराटा उचलला. मला शास्त्र आठवलं.

दहाच्या सुमारास पहिला उंदीर फळीच्या कडेला आला. मी काठी उगारली, ती वरच्या फळीला लागली, आणि तीन बस्ते माझ्या डोक्यात पडले. उंदीर गेला नाही. तो बघत उभा राहिला. दुपारी दुसरा आला, त्याला मी चप्पल मारली. सुतळी बांधलेली ती चप्पल आडवी गेली आणि दारात आलेल्या मास्तरांच्या टोपीला लागली. मास्तर खाली वाकले, टोपी उचलली, आणि पहिल्यांदाच हसले. म्हणाले की जमादारणीचा एक गुण आज कळला, ती चप्पल फेकत नाही.

पण उंदरांनी दिवसभर एकही बस्ता धरला नाही, एवढी माझी कमाई. संध्याकाळी जमादारीण वाटीपाशी गेली. वाटी रिकामी होती. तिनं मोठ्यानं ओरडून तक्रार केली. कोंडाबाईनं तिच्याकडं न बघता फळ्या काढल्या. जमादारीण मांजरवाटेतून आत आली. मी हात पुढं केला नाही. माझ्या मांडीवरून, हो, मांडीवरूनच, पाय देऊन ती पलीकडं फळीखाली गेली आणि तिथं अंग चोरून बसली. मला ओळख दाखवली नाही. मी घोंगडी उचलली आणि मास्तरांच्या ओसरीवर झोपायला गेलो.

रविवारी सकाळी मी तोंडसुद्धा न धुता धावलो. मास्तर माझ्या आधी आलेले होते, टोपी घालून, हात मागं बांधून उभे. पोथ्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर दोन उंदीर होते, शेपट्या सरळ. कोंडाबाईनं सुपली भरली, वाटी ठेवली, आणि मला म्हणाली, "सुटलाव. जावा, आंघोळ करा."

मी तिथंच ओसरीवर बसून अहवाल लिहिला. संग्रह सुरक्षित आहे, राखण चोख आहे, आमच्या पोलादी कपाटापेक्षा चोख आहे. एक पोथी कुरतडली गेली, तिचं कारण मांजर नसून एका पाहुण्यानं मोडलेला कायदा हे आहे. मास्तरांनी अहवाल दोनदा वाचला आणि लेखणी माझ्या हातात परत दिली.

"पाहुणा कोण?" ते म्हणाले. "मुआयन्यात नाव पाहिजे."

मी 'पाहुण्यानं' खोडलं आणि नाव घातलं. त्यांनी ती कुरतडलेली पोथी बस्त्यात बांधली नाही. दर्शनी खोलीतल्या काचेच्या कपाटात तिचा गेलेला कोपरा दिसेल अशी उघडी ठेवली, कारण लोकांना राखण म्हणजे काय ते कळायला पाहिजे, असं म्हणाले. खाली चिठ्ठी लावली, आपल्या गोल, छडी खाऊन सुधारलेल्या अक्षरात: 'वैद्यकाची पोथी. उंदराने कुरतडली. कारण, श्री. दि. ना. साठे, निरीक्षक, पुणे.'

पुण्यात साहेबांनी अहवाल वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. संग्रह नळदुर्गलाच राहिला. बढती पुढच्या वर्षीही माझ्याकडं आली नाही. ज्या संग्रहालयात मी इतकी वर्षं नोकरी केली तिथं माझं नाव हजेरीपटाखेरीज कुठंही लिहिलेलं नाही. नळदुर्गात ते काचेच्या कपाटात आहे, कोंडाबाई रोज त्यावरची धूळ पुसते, आणि कुणी अडाणी वाटसरू आला तर त्याला मोठ्यानं वाचून दाखवायला मास्तरांना बोलावते.